ओळखपत्र दाखवायला हरकत कसली?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो. भारतीय नागरिक असूनही त्याला तेथील निवडणुकीत मत देता येते, हे ऐकून नवल वाटले. त्याहून नवल असे की, मतदानाच्या वेळी छायाचित्र असलेले ओळखपत्र मागतात म्हणून तेथे वाद चालू आहे. आपण तर वर्षानुवर्षे ते दाखवत आलो आहोत. मग त्यात हरकत घेण्यासारखे काय आहे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या मुलाला मिळालेला हक्क खरा आहे. राष्ट्रकुल देशांचे नागरिक ब्रिटनमध्ये रीतसर वास्तव्याला असतील, तर त्यांना तेथील मतदार यादीत नाव नोंदवता येते.

वादाचे मूळ समजण्यासाठी तेथील जुनी रीत पाहावी लागेल. इंग्लंडमध्ये मतदाराने केंद्रावर जाऊन नाव आणि पत्ता सांगायचा, कर्मचाऱ्याने यादीतल्या त्या नावावर रेघ मारायची आणि मतपत्रिका हाती द्यायची, एवढ्यावर काम भागत असे; कोणताही कागद दाखवावा लागत नसे. उत्तर आयर्लंडमध्ये दुसऱ्याच्या नावावर मत टाकण्याच्या तक्रारी जुन्या असल्याने तेथे २००३ पासूनच छायाचित्राची अट होती. इंग्लंडमध्ये मात्र ती २०२२ च्या निवडणूक कायद्याने आली आणि ४ मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत प्रथम लागू झाली.

अटीच्या समर्थकांचे म्हणणे असे की, कोणी विचारतच नसेल तर तोतया मतदार सापडणार कसा; म्हणून तक्रारी थोड्या आहेत यावरून गैरप्रकारही थोडेच आहेत, असे ठरवता येत नाही. हा मुद्दा मला वजनदार वाटतो. पण बर्मिंगहॅममध्ये २००४ साली जो मोठा घोटाळा झाला तो टपाली मतांचा होता, आणि टपालाने मत पाठवणाऱ्याला ही छायाचित्राची अट आजही लागू नाही. दार उघडे ठेवून खिडकीला कडी घालण्याचाच हा प्रकार झाला.

विरोधकांचा खरा आक्षेप वेगळा आहे. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय ओळखपत्रच नाही. २००६ मध्ये त्यासाठी केलेला कायदा पुढच्या सरकारने २०१० मध्ये रद्द केला. त्यामुळे ज्याच्याकडे पासपोर्ट किंवा वाहन परवाना नाही, त्याला मतदानासाठी वेगळे प्रमाणपत्र अर्ज करून मिळवावे लागते. ते मोफत आहे, तरी २०२३ मध्ये मुदतीत सुमारे ८९,५०० अर्जच आले, आणि मतदानाच्या दिवशी किमान १४,००० जण मत न देता परतले, असे तेथील निवडणूक आयोगाने नोंदवले. शिवाय ज्येष्ठांचा बसपास चालतो, तरुणांचे रेल्वेसवलतीचे कार्ड चालत नाही, या यादीमुळे हेतूविषयी संशय बळावला. गंमत अशी की, तेव्हा सत्तेत असलेल्या हुजूर पक्षाचेच माजी मंत्री जेकब रीस-मॉग यांनी पुढे म्हटले की, ओळखपत्र नसलेले बरेचसे लोक वृद्ध, म्हणजे आमचेच मतदार निघाले.

आपल्याकडे क्रम उलटा होता. टी. एन. शेषन यांनी १९९३ मध्ये ओळखपत्राचा आग्रह धरला, तेव्हा छायाचित्रे काढून ती कार्डे मतदारांना देण्याची जबाबदारी सरकारी यंत्रणेवर आली. आजही ते कार्ड नसेल तर आधार, पॅन, छायाचित्र असलेले बँकेचे किंवा टपाल खात्याचे पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्ड यांपैकी काहीही चालते. म्हणून आपल्याकडे ओळखपत्राअभावी माणूस सहसा परत जात नाही. तो अडतो तो यादीपाशी. मी निवडणुकीच्या ड्यूटीवर असताना एक आजी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले ओळखपत्र घेऊन आल्या होत्या. कार्ड खरे, चेहरा तोच, पण यादीत नाव नव्हते. त्यांनी शाईसाठी बोट आधीच पुढे केले होते, आणि केंद्राध्यक्षांना त्यांना परत पाठवण्यावाचून इलाज नव्हता. याउलट नाव यादीत आहे, पण आपल्या आधीच कोणी त्या नावावर मत टाकून गेले आहे, असे झाल्यास खऱ्या मतदाराला ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिकेवर मत देता येते; मात्र ती वेगळ्या पाकिटात बंद होते आणि नेहमीच्या मोजणीत येत नाही.

तेव्हा हरकत ओळखपत्र दाखवण्याला नाही, ते हाती देण्याआधीच मागण्याला आहे, आणि ती मला रास्त वाटते.

आपल्या मुलापुरते सांगायचे तर त्याचा भारतीय पासपोर्ट तेथील मतदान केंद्रावर चालतो; मुदत संपलेली असली तरी छायाचित्रावरून चेहरा ओळखता आला पाहिजे. पासपोर्ट नूतनीकरणासाठी दिलेला असेल आणि दुसरे मान्य ओळखपत्र जवळ नसेल, तर मतदानाच्या सहा कामकाजाचे दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत त्या मोफत प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्यास त्याला सांगावे.