चांगआन कुठे गेलं?

प्रश्न : चिनी इतिहासावरची एक कादंबरी वाचतो आहे. नकाशा उघडून बसलो, तर त्यात छिन, चू, वेइ ही राज्यं नाहीत आणि चांगआन हे राजधानीचं शहरही नाही. शिवाय चूची राजधानी यिंग एका प्रकरणात पश्चिमेला आहे, तर दुसऱ्यात पार पूर्वेला. लेखकाची चूक म्हणायची का?

उत्तर : लेखकाची चूक नाही. ही राज्यं इसवी सनापूर्वीची, म्हणून आजच्या नकाशात सापडत नाहीत; त्यांच्या राजधान्या मात्र शोधता येतात.

आधी चांगआन. ते जागेवरच आहे, नाव बदललंय. १३६९ मध्ये मिंग राजवटीने त्याचं शिआन केलं. पर्यटक सायकलवरून फिरतात ती तटबंदीही मिंग काळातलीच. हान राजवटीचं चांगआन मात्र आजच्या शहराच्या वायव्येला होतं. छिनची राजधानी श्यानयांगही जवळच, आणि तिचं नाव आजही तेच आहे. झाओ या राज्याची राजधानी हानदानही हेबेई प्रांतात नावासकट टिकून आहे. छिनचा पहिला सम्राट तिथेच जन्मला आणि पुढे त्याच्याच सैन्याने ते जिंकलं!

येन राज्याची राजधानी बीजिंगच्या नैर्ऋत्य भागात सापडते आणि छी राज्याची राजधानी लिन्झी शानडोंगमधल्या झिबो शहरात. शानडोंगच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर मात्र 'लू' हे अक्षर असतं. लू हे कन्फ्यूशियसचं छोटंसं राज्य, त्याची राजधानी छुफू. बलाढ्य छीला डावलून मान लूला मिळाला, हा मला थोडा अन्यायच वाटतो.

वेइची गोष्ट जरा वेगळी. त्या राज्याची राजधानी दालियांग म्हणजे आजचं हेनानमधलं कायफंग. इ.स.पू. २२५ मध्ये छिनचा सेनापती वांग बेन याने पीत नदीचं पाणी वळवून शहरात सोडलं आणि तट ढासळले. पुढेही पुरांनी तिथे गाळाचे थर चढवले. सुंग राजवटीची भव्य राजधानी याच जागी होती. तीही आता रस्त्यांखाली कित्येक मीटर खोल आहे. म्हणजे कायफंगमध्ये जुनं शहर शेजारी नव्हे, पायाखाली शोधायचं. आणि सांभाळा : देवनागरीत 'वेइ' लिहिलं तर त्यात दोन वेगवेगळी राज्यं आणि शिआनजवळची एक नदी अशी तिन्ही मावतात. चिनीत तिघांची अक्षरं वेगळी. 'हान' राज्य आणि 'हान' राजवट यांचंही तसंच. या हान राज्याची राजधानी हेनानमधल्या शिनझेंगला होती.

आता यिंग. इथे मी स्वतः फसले आहे. टिपणात वाचलं, 'चूची राजधानी, जीनान अवशेष'. मी बोट ठेवलं ते शानडोंगच्या जीनानवर आणि अर्धा दिवस विचार करत बसले की दक्षिणेतलं राज्य इतक्या उत्तरेला कसं पोहोचलं. एक जीनान म्हणजे जी नदीच्या दक्षिणेचं आणि दुसरं जी डोंगराच्या दक्षिणेचं. दोन्ही 'जीं'ची अक्षरं निराळी. चूचं जीनान हुबेईमध्ये, जिंगझोऊ शहराच्या उत्तरेला आहे. वहीच्या त्या पानावर मी तेव्हापासून लाल रेघ मारून ठेवली आहे.

पण तुमची यिंग दोन ठिकाणी दिसते, त्याचं कारण वेगळं. इ.स.पू. २७८ मध्ये छिनचा सेनापती बाय छी याने ती जिंकली. दरबार पूर्वेला छेनला, म्हणजे आजच्या हेनानमधल्या हुआययांगला सरकला. इ.स.पू. २४१ मध्ये तो आणखी पूर्वेला, आन्हुईतल्या शौचुनला गेला. तिथे गेल्यावर त्यांनी नव्या राजधानीचं नावही यिंगच ठेवलं. तेव्हा आधी प्रकरणाचं साल पाहा. २७८ च्या आधीचं असेल तर जिंगझोऊवर बोट ठेवा, २४१ नंतरचं असेल तर आन्हुईतल्या शौ परगण्यावर.