दोरीचा ट्रायपॉड, कागदाचा डिफ्यूझर

प्रश्न : छायाचित्रणाचा छंद नुकताच लागला आहे. कॅमेरा घेतला, पण सोबतची उपकरणे परवडत नाहीत. संध्याकाळी हात हलून छायाचित्रे अस्पष्ट येतात आणि फ्लॅश वापरला की चेहऱ्यामागे भिंतीवर काळी, रेखीव सावली पडते. घरी करता येण्याजोगा काही उपाय सांगाल का?

उत्तर : पहिल्या अडचणीला दोरी पुरते. कॅमेऱ्याच्या तळाशी ट्रायपॉडसाठी असलेले आट्यांचे छिद्र बहुधा पाव इंच व्यासाचे असून त्यात इंचाला 20 आटे असतात. त्या मापाच्या आखूड बोल्टाला न ताणणारी दोरी बांधून तिचे दुसरे टोक पायाखाली दाबावे आणि दोरी ताठ होईल इतपत कॅमेरा वर खेचून धरावा. यामुळे वरखाली होणारी थरथर बरीच कमी होते. डावीउजवीकडची हालचाल मात्र उरते, म्हणून दोरीचा मोठा फेरा करून तो दोन्ही पावलांखाली त्रिकोणासारखा ताणणे अधिक चांगले. सहा मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट वापरू नये. तो बसल्यासारखा वाटतो, पण त्याचे आटे जुळत नसल्याने कॅमेऱ्याचेच आटे झिजतात. बोल्ट छिद्राच्या तळाला टेकेपर्यंत पिळणेही टाळावे. काही सेकंदांच्या एक्स्पोजरला, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडे ठेवायचे असेल तर, दोरी उपयोगी नाही. तेथे धान्य भरलेल्या कापडी पिशवीवर कॅमेरा टेकवून सेल्फ-टायमर लावावा.

सावलीची कड किती मऊ दिसेल, हे व्यक्तीच्या जागेवरून प्रकाशस्रोत केवढा दिसतो यावर ठरते. त्यामुळे फ्लॅशच्या काचेवर टिश्यू पेपर चिकटवण्याचा लोकप्रिय उपाय मला फारसा पटत नाही: स्रोत तेवढाच लहान राहतो आणि फक्त प्रकाश घटतो. फ्लॅशचे डोके वळत असेल, तर ते पांढऱ्या छताकडे करून त्यामागे रबरबँडने पांढरे कार्ड लावावे. छत हाच मोठा स्रोत होतो, रंगीत छताची छटा मात्र चेहऱ्यावर उतरते. फ्लॅश कॅमेऱ्यातच बसवलेला असल्यास पुठ्ठ्याच्या चौकटीत ट्रेसिंग पेपर ताणून तो डिफ्यूझर, म्हणजे प्रकाश पसरवणारा पडदा, म्हणून फ्लॅशपासून थोडा पुढे धरावा आणि व्यक्तीला भिंतीपासून दूर उभे करावे, ज्याला काहीच खर्च नाही.

फ्लॅशमध्ये बदल करण्यासाठी तो उघडू मात्र नये; बंद केल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्टचा भार साठलेला असू शकतो.