सोनोग्राफी बंद करून रक्ताची डीएनए टेस्ट केली तर चालेल का?

या वेळी लिव्हरच्या कॅन्सरच्या रक्ततपासणीबद्दल तीन पत्रं आलीत. एकाचं उत्तर दुसऱ्याच्याही कामाचं आहे म्हणून तिन्ही एकत्रच घेतोय.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझे बाबा ६१ वर्षांचे आहेत, हिपॅटायटिस बी आहे आणि आता सिरॉसिस (लिव्हर व्रण पडून कडक होणं) निघालाय. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरमधे बऱ्याचदा वाढणाऱ्या एका प्रथिनाची रक्ततपासणी) करायला सांगितलंय, मीच घेऊन जाते. बाबा कंटाळलेत, उपाशी राहा, रांगेत बसा, आणि रिपोर्टमधे दर वेळी लिहिलेलं असतं की गॅसमुळे आणि पोटाच्या जाडीमुळे लिव्हरचा काही भाग नीट दिसला नाही. माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडे रक्तातल्या डीएनएवरून लिव्हरचा कॅन्सर लवकर कळतो. मग सोनोग्राफी बंद करून तेच करू का? — एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, बंद करू नका. जोडीला करायची की नाही यावर बोलता येईल, पण सोनोग्राफीच्या जागी नको.

मावसभाऊ सांगतोय ते खोटं नाही. आपल्या पेशी रोज मरत असतात आणि त्यांच्यातल्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात येतात, हे १९४८ सालापासून माहीत आहे. निरोगी माणसात हे तुकडे बहुतेक रक्तपेशींचेच असतात. लिव्हरमधे गाठ असेल तर तिच्या पेशींचे तुकडेही त्यात मिसळतात, प्रश्न असतो तो ते ओळखायचे कसे. तर डीएनएवर जागोजागी मिथाइल नावाचा एक छोटा रासायनिक गट चिकटलेला असतो, कुठला जीन चालू राहणार नि कुठला बंद यात त्याचा मोठा हात असतो. कॅन्सरच्या पेशीत ही मांडणी बिघडते, आणि मुख्य म्हणजे बऱ्याच पेशंटमधे ती ठराविक जागीच बिघडलेली सापडते, त्यामुळे प्रत्येकाचं वेगळं म्युटेशन, म्हणजे डीएनएतली चूक, शोधत बसण्यापेक्षा या खुणा शोधणं सोयीचं पडतं. २०१७ मधे चीनमधल्या एका टीमने हजारावर लिव्हर कॅन्सर पेशंट आणि आठशेवर निरोगी लोकांचं रक्त तपासून फक्त १० खुणांवरून दोन्ही गट बऱ्यापैकी वेगळे करून दाखवले. अमेरिकेत अशीच एक टेस्ट ऑन्कोगार्ड लिव्हर नावाने आली, त्यात डीएनएच्या खुणा, एएफपी आणि पेशंट पुरुष की स्त्री एवढं सगळं एकत्र धरून निकाल काढतात. २०२२ मधे छापून आलेल्या अभ्यासात तिने सुरुवातीच्या स्टेजचे १०० पैकी ८२ कॅन्सर पकडले. त्याच पेशंटमधे नुसत्या एएफपीने, आकडा २० किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह असं धरून, ४० पकडले होते.

आकडा छान आहे, मलाही वाचून बरं वाटलं होतं. पण त्या अभ्यासात कॅन्सर कुणाला आहे नि कुणाला नाही हे आधीच माहीत होतं. प्रत्यक्षात बाबांसारखा माणूस, लिव्हर आधीच खराब, गाठ असलीच तर दीड-दोन सेंटिमीटरची, ती रक्तात सोडणार कितीसा डीएनए? आणि सिरॉसिसमधे साध्या लिव्हर पेशीही मरतच असतात, त्यांचाही डीएनए त्याच रक्तात असतो. म्हणून याच टेस्टने कॅन्सर नसलेल्या १०० पैकी १३ जणांनाही पॉझिटिव्ह दाखवलं होतं.

आता सोनोग्राफीकडे बघू. तीही काही फार तीक्ष्ण नाही हे मी मोकळेपणी सांगतो. २०१८ मधे बरेच अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा सिरॉसिसच्या पेशंटमधे सुरुवातीच्या १०० कॅन्सरपैकी नुसत्या सोनोग्राफीत ४५ दिसले, एएफपी जोडल्यावर ६३. तरी मी तिला धरून आहे कारण शांघायमधे हिपॅटायटिस बीच्या साधारण १८,८०० लोकांवर ट्रायल झाली होती, अर्ध्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी, अर्ध्यांना काही नाही, आणि २००४ मधे निकाल आला तेव्हा तपासणीवाल्या गटात लिव्हर कॅन्सरचे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी होते. तेसुद्धा बरेच जण तारखा चुकवत असताना. डीएनए टेस्टने कॅन्सर सापडतो हे दिसलंय, पण त्यामुळे माणसं वाचली हे अजून कुठल्या ट्रायलमधे दिसलेलं नाही.

बाबांच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती रिपोर्टमधल्या त्या ओळीची. दर वेळी लिव्हरचा भाग दिसत नसेल तर ती सोनोग्राफी झाली असं धरायचंच नाही. पुढच्या वेळी तो रिपोर्ट तुमच्या लिव्हरच्या डॉक्टरांसमोर ठेवा, त्या ओळीवर बोट ठेवून विचारा की यांचा एमआरआय किंवा कॉन्ट्रास्ट सीटी करायचा का. रिपोर्ट बघणारेसुद्धा बऱ्याचदा शेवटची "गाठ दिसली नाही" ही ओळ वाचून पान उलटतात, पण लिव्हर अर्धंच दिसलं असेल तर त्या ओळीला काय अर्थ आहे? आणि सोनोग्राफी सकाळी उपाशीपोटी, शक्यतो दर वेळी एकाच ठिकाणी करा म्हणजे जुन्या फिल्मशी ताडून बघता येतं.

डीएनए टेस्ट परवडत असेल आणि जोडीला करायची असेल तर करण्याआधीच डॉक्टरांशी ठरवून घ्या की पॉझिटिव्ह आली तर पुढे काय. कारण पॉझिटिव्ह आली म्हणून कुणी ऑपरेशन करत नाही, कॉन्ट्रास्ट सीटी किंवा एमआरआयमधे गाठ दिसावी लागते. निगेटिव्ह आली तरी सहा महिन्यांची तारीख हलत नाही.

प्रश्न: आईला हिपॅटायटिस बी आहे, टेनोफोविर ही व्हायरस दाबणारी गोळी चालू आहे. फाईलमधे एचबीव्ही डीएनएचा रिपोर्ट आहे, त्यात काहीच सापडलं नाही असं आलंय. म्हणजे कॅन्सरची डीएनए टेस्ट निगेटिव्हच झाली ना? — एक वाचक, जळगाव

उत्तर: नाही, ही वेगळी टेस्ट आहे आणि हा गोंधळ खूप जणांचा होतो. एचबीव्ही डीएनए म्हणजे व्हायरसचा डीएनए, रक्तात व्हायरस किती आहे त्याचं मोजमाप. काही सापडलं नाही म्हणजे गोळी चांगलं काम करतेय, चांगलीच बातमी आहे, गोळी मनाने बंद करू नका. पण कॅन्सरबद्दल हा रिपोर्ट काही सांगत नाही. गोळीमुळे कॅन्सरचा धोका कमी होतो, शून्य होत नाही, कारण इतक्या वर्षांत व्हायरसने आपला डीएनए लिव्हरच्या पेशींच्या डीएनएत घुसवून ठेवलेला असतो. त्यामुळे हिपॅटायटिस बीमधे सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. आईंना सहा महिन्यांची सोनोग्राफी लागते का हे वय, सिरॉसिस आहे की नाही आणि घरात कुणाला लिव्हरचा कॅन्सर झालाय का यावर ठरतं, ते विचारून घ्या.

आणि तुम्ही भावंडांनी स्वतःची एचबीएसएजी, म्हणजे हा व्हायरस अंगात आहे का ते सांगणारी रक्ततपासणी, केलीय का? पत्रात त्याबद्दल काहीच नाही म्हणून विचारतो. बाळंतपणात आईकडून मुलांना हा व्हायरस जाऊ शकतो आणि वर्षानुवर्षं काही त्रास होत नाही. २०१८ पासून हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत आहेत. तपासणीत आजारही नाही आणि संरक्षणही नाही असं निघालं तर लस घ्या, आज एक डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा.

प्रश्न: मी ४३ वर्षांचा, आयटीत आहे. दारू नाही, हिपॅटायटिस नाही, फॅटी लिव्हर ग्रेड वन आहे. ऑफिसच्या हेल्थ चेकअपवाल्यांनी रक्तातल्या डीएनएवरून कॅन्सर ओळखायचं पॅकेज सुचवलंय. घेऊ का? — एक वाचक, पुणे

उत्तर: लिव्हरसाठी म्हणून घेत असाल तर नको. हिशोब करून बघा. ८२ टक्के पकडणारी आणि १३ टक्क्यांना उगाच पॉझिटिव्ह दाखवणारी टेस्ट सिरॉसिसच्या १००० लोकांना केली, आणि त्यातल्या २० जणांना त्या वर्षी कॅन्सर होणार असं धरलं, तर १६ सापडतील आणि सव्वाशे जणांना विनाकारण स्कॅन करावा लागेल. एवढं सोसता येतं. तीच टेस्ट तुमच्यासारख्या एक लाख लोकांना केली, त्यात समजा पाच कॅन्सर आहेत, तर चार सापडतील आणि जवळजवळ १३,००० लोक हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन रात्र रात्र जागतील. पॅकेजमधली टेस्ट वेगळी असेल, तिचे आकडे चांगलेही असतील, पण धोका मुळातच इतका कमी असला की उगाच पॉझिटिव्ह येणारेच खूप जास्त निघतात.

फॅटी लिव्हरकडे मात्र दुर्लक्ष करू नका. सोनोग्राफीतल्या ग्रेडवरून फक्त चरबी कळते, लिव्हर कडक व्हायला लागलंय का ते कळत नाही. त्यासाठी फिब-४ हा आकडा काढा, तो वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार गोष्टींवरून निघतो, चेकअपमधे त्या बहुतेक झालेल्या असतातच. १.३ च्या खाली असेल तर बहुधा काळजी नाही, वजन नि शुगर सांभाळा. वर असेल तर लिव्हरचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन करून घ्या, त्यात सिरॉसिस निघाला तर तुम्हीही सहा महिन्यांच्या सोनोग्राफीवाल्यांमधे आलात, मग वरचं सांगलीचं उत्तर तुम्हालाही लागू आहे.