हरलेल्या रात्री काही बदलू नका

“ताई, माझी माणसं चांगली आहेत, मनापासून राबतात, तरी गेले काही महिने आमच्या हाती काही लागत नाही. माझंच कुठे चुकतंय का? माणसं बदलू की कामाची पद्धत बदलू?” अशी पत्रं मला सतत येतात. लिहिणारे कधी पुण्यातल्या एखाद्या कंपनीतले टीम लीड असतात, कधी शाळेचे मुख्याध्यापक, कधी हौशी नाट्यसंस्था चालवणारे. या सगळ्यांना मी आज एका आइस हॉकी कोचची गोष्ट सांगणार आहे. त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी कॅनडात, ओंटारिओ प्रांतात समुपदेशन करते. इथे हॉकी म्हटलं की ती बर्फावरचीच. हे कोच एका व्यावसायिक संघाचे. त्यांची लीग एनएचएलच्या, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक हॉकी लीगच्या, खालच्या पायरीवरची, म्हणजे खेळाडू चमकला की वरच्या संघातून फोन येतो आणि तो त्याच रात्री बॅग भरून निघतो. कोचने पोरं घडवायची, ती वर पाठवायची आणि उरलेल्यांना घेऊन सामनेही जिंकायचे. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात सत्तरच्या वर सामने, मधे बसचे लांबलांबचे प्रवास. ते माझ्याकडे आले तेव्हा संघ ओळीने हरत होता आणि त्यांची झोप उडाली होती.

पुढचं कळण्यासाठी खेळाची थोडी माहिती हवी. बर्फावर एका बाजूचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक असतो. चेंडूच्या जागी पक, म्हणजे साधारण १७० ग्रॅम वजनाची कडक रबराची चकती. ती फार उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. २० मिनिटांचे तीन भाग. खेळाचा वेग असा की खेळाडू एका वेळी जेमतेम पाऊण मिनिट टिकतो, मग कठड्यावरून उडी मारून बाकावर येतो आणि दुसरा आत जातो. यासाठी खेळ थांबत नाही. पुढे खेळणाऱ्या तिघांच्या गटाला लाइन म्हणतात. अशा चार लाइन असतात आणि बचावाच्या तीन जोड्या. सामना सुरू झाल्यावर कोचच्या हातात मुख्यतः एवढंच उरतं: कोणाला, केव्हा, कोणाबरोबर आत पाठवायचं.

आमच्या कोचच्या ऑफिसात एक पांढरा बोर्ड होता आणि त्यावर प्रत्येक खेळाडूच्या नावाचं लोहचुंबक. सामना हरला की ते रात्री दोन-अडीचपर्यंत रेकॉर्डिंग बघत बसायचे. गोल कोणामुळे बसला, पक कोणी घालवला, सगळं वहीत उतरवायचे आणि मग बोर्डापुढे उभं राहून चुंबकं हलवायचे. सकाळी संघ सरावाला यायचा तेव्हा लाइन बदललेल्या असायच्या. काल दुसऱ्या लाइनमध्ये असलेला पोरगा आज चौथ्या लाइनमध्ये. हे मला सांगताना त्यांना जराही अवघडल्यासारखं झालं नाही. उलट, आपण हातपाय गाळून बसलेलो नाही याचा हा पुरावा आहे, असंच त्यांना वाटत होतं.

शिवाय बॅग स्केट असायचं. म्हणजे पक न देता, नुसती शिट्टी वाजवत खेळाडूंना या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवत राहायचं, ओकारी येईस्तोवर. मी त्याबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी हर्ब ब्रुक्सचं नाव घेतलं. १९७९ मध्ये नॉर्वेविरुद्ध ३-३ अशी बरोबरी झाली म्हणून ब्रुक्सने अमेरिकेच्या संघाला सामना संपल्यावर तिथेच बर्फावर असं पळवलं होतं, आणि त्याच संघाने पुढे १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवलं आणि सुवर्णपदकही जिंकलं. इथल्या प्रत्येक कोचला हा किस्सा पाठ असतो. पण ब्रुक्सच्या हाताशी होती कॉलेजातली पोरं. काही महिन्यांत त्यांचा एक संघ बांधायचा होता आणि समोर एकच स्पर्धा होती. ज्यांना परवा रात्री पुन्हा खेळायचंय आणि आठवड्यात तीन सामने आहेत, त्यांच्या पायांतली ताकद शिक्षेत घालवून काय मिळणार?

मी त्यांना विचारलं, “चुंबक हलवल्यावर तुम्हाला कसं वाटतं?”

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “बरं वाटतं. मग झोप लागते.”

सगळी केस या उत्तरात होती. तो बदल संघासाठी कमी आणि त्यांच्या जिवाच्या तगमगीवर उतारा म्हणून जास्त होता. हरल्यानंतर काहीतरी केलंच पाहिजे, नाहीतर वरच्यांना वाटेल याला काही कळत नाही, या धास्तीतून तो यायचा. अशा वेळी माणूस साप साप म्हणून भुई धोपटत राहतो, आणि धोपटण्यातच त्याला हायसं वाटतं.

पण असं तोंडावर सांगून कोणाला पटत नाही, व्यावसायिक कोचला तर नाहीच. म्हणून मी त्यांच्या सहायक कोचची मदत घ्यायला सांगितलं. सहायकाने जिंकलेल्या आणि हरलेल्या सामन्यांमधले तुकडे काढून मिसळले, स्कोअर झाकला. एकेक तुकडा बघायचा आणि तो जिंकलेल्या सामन्यातला की हरलेल्या, एवढंच सांगायचं. कोचना वाटत होतं, यात काय अवघड आहे? प्रत्यक्षात त्यांचे खूप अंदाज चुकले. ज्या तुकड्यावर त्यांनी “हे बघा, अंगचोर खेळ” असा शेरा मारला, तो त्या हंगामातल्या त्यांच्या सगळ्यात मोठ्या विजयातला निघाला. पुढच्या भेटीत ते मला म्हणाले, “मी खेळ बघतच नव्हतो. स्कोअर बघून खेळाबद्दल मत बनवत होतो.”

या खेळात नशिबाचा वाटा फार मोठा आहे, आणि हॉकीतल्या जाणकारांनी तो मोजायची सोपी रीतही काढली आहे. आपल्या फटक्यांपैकी किती टक्के गोल झाले आणि आपल्या गोलरक्षकाने समोरचे किती टक्के फटके अडवले, या दोन्हींची बेरीज करायची. तिला पीडीओ म्हणतात. सगळ्या लीगचा मिळून हा आकडा १०० येतो, कारण एकाचा गोल म्हणजे दुसऱ्याची न अडवलेली चकती. एखाद्या संघाचा आकडा काही आठवडे १०० च्या बराच खाली असला, तर तो बहुतेक वेळा आपोआप वर सरकतो. आमच्या कोचच्या संघाचा आकडा बराच खाली होता. समोरच्या संघापेक्षा फटके जास्त मारत होते, पण पक आत जात नव्हता. हा आकडा त्यांच्या टेबलावर दर आठवड्याला येत होता. तगमगीत असलेल्या माणसाला समोरचा कागद दिसत नाही, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

मग सगळं नशिबावर सोडायचं का? मुळीच नाही. स्कोअर बाजूला ठेवल्यावर खरा दोष दिसायला लागला आणि तो वेगळ्याच जागी होता. तिसऱ्या भागात संघ एका गोलने मागे असला की कोच पहिल्या दोनच लाइन खेळवत. याला इथे बेंच छोटी करणं म्हणतात, आणि शेवटच्या काही मिनिटांत सगळेच कोच ते करतात. आमचे कोच मात्र तिसरा भाग सुरू झाल्या झाल्याच करत. मग पाऊण मिनिटाची पाळी सव्वा मिनिटाची व्हायची, पाय जड व्हायचे आणि नेमका शेवटी गोल बसायचा. तोवर उरलेल्या दोन लाइन बाकावर बसून थंड पडलेल्या. नाइलाजाने त्यांना आत पाठवलं की त्यांच्या हातून चूक व्हायची आणि कोच म्हणायचे, “बघा, म्हणूनच मी यांना आत पाठवत नाही!” त्यांच्या भीतीतून जो निर्णय यायचा, तोच त्या भीतीला खरं ठरवत होता.

दुसरी गोष्ट त्यांना कॅप्टनकडून कळली. मी त्यांना एवढंच सुचवलं होतं की कॅप्टनला बोलवा, कॉफी घ्या आणि विचारा, “सकाळी आत येताना तुमच्या मनात काय असतं?” कॅप्टन म्हणाला, “आम्ही एकमेकांना गुड मॉर्निंग म्हणायच्या आधी बोर्ड बघतो.”

चूक झाली की नाव खाली घसरणार, हे ठाऊक असलेला खेळाडू कसा खेळतो? पक पास करायची जागा दिसत असूनही तो पक लांब टाकून देतो, कारण तसं केल्याने कोणी बोल लावत नाही. फटका मारताना हात आखडतो. हॉकीपटू म्हणतात, स्टिक आवळून धरली. तेवढ्यात अर्धा सेकंद जातो आणि गोलरक्षक जागेवर पोचलेला असतो. म्हणजे पक आत जात नव्हता त्यात नशीब होतंच, आणि बोर्डाचाही वाटा होता. कोणता किती, हे कोणी काटेकोर सांगू शकणार नाही. बोर्ड मात्र आपल्या हातात होता.

आम्ही मिळून दोन बंधनं ठरवली. हरलेल्या रात्री चुंबकाला हात लावायचा नाही. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी, सहायकाबरोबर बसून बघायचं. आणि दुखापत किंवा वरून बोलावणं नसेल तर एकदा केलेली मांडणी किमान पाच सामने तशीच ठेवायची. पहिली रात्र त्यांना फार जड गेली. घरी येऊन ते गॅरेजमध्ये जाऊन हत्यारं लावत बसले. दुसऱ्या बंधनावर तर आमचा चांगलाच वाद झाला. “पाच सामने हरलो तर?” मी म्हटलं, “आताही हरताच आहात. निदान कशामुळे ते तरी कळेल.”

त्यांनी मला एनएचएलमधल्या सेंट लुईस ब्लूज या संघाचं उदाहरण दिलं. त्या संघाने नोव्हेंबर २०१८ मध्ये कोच माइक यो यांना काढलं, क्रेग बेरुबेंना आणलं आणि जून २०१९ मध्ये स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. बदलामुळेच जिंकले ना? बदल उपयोगी पडला हे खरंच आहे, मी ते नाकारलं नाही. पण तारखा बघा. नवा कोच येऊन सहा आठवडे होऊन गेले, तरी ३ जानेवारी २०१९ ला ब्लूज संपूर्ण लीगमध्ये शेवटच्या जागेवर होते. जॉर्डन बिनिंग्टन हा नवखा गोलरक्षक सामन्याच्या सुरुवातीपासून पहिल्यांदा खेळला तो त्यानंतर, ७ जानेवारीला. नवा कोच सहा आठवड्यांत निकाल देत नाही म्हणून कोणी पुन्हा बोर्ड पुसला असता तर?

मग मी त्यांना दुसरं उदाहरण दिलं, टँपा बे लाइटनिंग या संघाचं. २०१८-१९ च्या हंगामात ८२ पैकी ६२ सामने जिंकणारा हा संघ प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच फेरीत कोलंबसच्या संघाकडून ओळीने चार सामने हरून बाहेर पडला. इतकी नाचक्की झाल्यावर कोच जॉन कूपर जाणार असंच कोणालाही वाटलं असतं. व्यवस्थापनाने कूपरना ठेवलं, संघाचा गाभा ठेवला आणि काही खमके खेळाडू जोडले. २०२० मध्ये पहिल्या फेरीत पुन्हा तेच कोलंबस समोर आलं. पहिलाच सामना पाचव्या ओव्हरटाइमपर्यंत ताणला गेला, पण ती फेरी टँपाने जिंकली. त्या वर्षी कप त्यांचा, पुढच्या वर्षीही त्यांचाच. हे उदाहरण मला स्वतःला फार जवळचं वाटतं, कारण फजिती झाल्यावर शांत डोक्याने बसायला जे धैर्य लागतं त्याची कोणी बातमी करत नाही.

आमच्या कोचचा संघ त्या वर्षी प्लेऑफला पोचला नाही. थोडक्यात हुकला. पण हंगामाच्या उत्तरार्धात चारही लाइन तिसऱ्या भागात खेळत होत्या, शेवटच्या मिनिटांत बसणारे गोल कमी झाले होते आणि चौथ्या लाइनमधला एक मुलगा वरच्या संघात गेला. त्यांचं कंत्राट पुढे चालू राहिलं. बॅग स्केट त्यांनी स्वतःहून बंद केलं, मी तसं सांगितलेलं नव्हतं.

आता पत्र लिहिणाऱ्यांसाठी. माणसं बदलू की पद्धत, या प्रश्नाचं उत्तर मी इथे बसून देऊ शकत नाही. पण ते शोधायच्या आधी गेल्या काही महिन्यांत तुम्ही काय काय बदललंत आणि प्रत्येक बदलाला किती दिवस दिलेत, हे तारखा घालून लिहून काढा. बदल कोणत्या दिवशी केला तेही लिहा. साहेबांचा फोन आल्याच्या, टेंडर हातचं गेल्याच्या किंवा निकाल लागल्याच्या दिवशीच बहुतेक बदल झालेले दिसले, तर ते बदल कोणासाठी होते हे तुमचं तुम्हालाच कळेल. जे काम फसलं त्याच्याबरोबर जे जमलं तेही, निकाल झाकून, एखाद्या विश्वासातल्या सहकाऱ्यापुढे ठेवा. आणि टीममधल्या जुन्या माणसाला एकट्याला गाठून विचारा, सकाळी आल्यावर तुम्ही सगळे पहिल्यांदा काय बघता? माझा मूड, माझा मेल, की हातातलं काम? तो जे सांगेल त्यावर लगेच खुलासा देऊ नका.

एखादा माणूस खरोखरच काम करत नसेल, इतरांना त्रास देत असेल, तर त्याला हलवावंच लागतं. ते टाळण्यात शहाणपण नाही. फक्त तो निर्णय शांत आठवड्यात घ्या आणि त्याला समोर बसवून सांगा, बोर्डावरून कळू देऊ नका. आणि या काळजीने तुमची झोपच गेली असेल, रोजचा एक पेग तीनवर गेला असेल, घरात कोणाशी धड बोलणं होत नसेल, तर आधी स्वतःसाठी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. टीमचं त्यानंतर बघता येईल.