‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ असे सांगितले जाते तेव्हा

पुण्यातील एका भगिनीच्या पत्राचा सारांश: आई वारल्यापासून, म्हणजे दीड वर्षापासून, मी आमच्या मंडळीच्या रविवारच्या उपासनेबरोबरच नणंदेच्या ओळखीने वडगाव शेरीतील एका घरगुती प्रार्थना संगतीला जाते. दुःखाच्या दिवसांत तिथल्या लोकांनी मला फार धीर दिला. गेल्या महिन्यात संगतीच्या पास्टरांनी सर्वांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितले की, मी शाळेतली नोकरी सोडून सेवेत यावे आणि मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली २ लाखांची मुदत ठेव संगतीच्या इमारतीसाठी ‘बी’ म्हणून पेरावी, असे परमेश्वराने त्यांना दाखवले आहे. ईस्टरपूर्वी हे झाले नाही तर घरात आजारपण येईल, असेही ते म्हणाले. याला शास्त्रात आधार कोणता, असे मी विचारले, तेव्हा ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ एवढे एकच वचन मला मोबाईलवर पाठवण्यात आले. पती या गोष्टीला तयार नाहीत, नणंद बोलेनाशी झाली आहे आणि मला रात्री झोप लागत नाही. शंका घेऊन मी पाप केले का? मी ती संगती सोडावी का?

प्रिय भगिनी,

प्रभू येशूच्या नावात तुम्हाला सलाम. ज्या प्रश्नाने तुमची झोप उडवली आहे त्याचे उत्तर आधी देते. तुम्ही पाप केलेले नाही. देवाच्या नावाने जो संदेश दिला जातो तो देवाच्या वचनाशी ताडून पाहण्याची जबाबदारी शास्त्रानेच विश्वासणाऱ्यांवर सोपवली आहे, आणि ‘आधार कोणता’ असे तुम्ही विचारलेत तेव्हा तुम्ही नेमके तेच केलेत.

तुम्हाला पाठवलेले वचन १०५ व्या स्तोत्रातील १५ वे आहे. ते एकटे वाचू नका, १२ व्या वचनापासून वाचा. तिथे ज्यांना अभिषिक्त, म्हणजे देवाने निवडून वेगळे केलेले, म्हटले आहे ते अब्राहाम, इसहाक आणि याकोब हे पूर्वज आहेत. ते संख्येने थोडे होते, परक्या देशात उपरे म्हणून राहत होते, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात भटकत होते, आणि त्यांच्यावर कोणी जुलूम करू नये म्हणून परमेश्वराने राजांना दटावले. म्हणजे दुबळ्यांचे रक्षण व्हावे म्हणून बलवानांना उद्देशून उच्चारलेले हे शब्द आहेत. ज्याच्या हाती माइक आणि मान दोन्ही आहेत त्याने तेच शब्द आई गमावलेल्या एका स्त्रीला गप्प करण्यासाठी वापरावेत, हे वाचून मला राग आला आणि तो मी तुमच्यापासून लपवत नाही. एखादे वचन त्याच्या जागेवरून उचलून माणसाला भलत्या वाटेला लावता येते, हे आपल्याला मत्तयाच्या ४ थ्या अध्यायातून ठाऊक आहे; मंदिराच्या शिरोभागी सैतानाने प्रभूसमोर ठेवले तेही ९१ व्या स्तोत्रातलेच वचन होते.

अशा वेळी दावीद आणि त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल यांचा दाखला हमखास दिला जातो. एन-गेदीच्या गुहेत शौल हाती लागला असतानाही दाविदाने त्याच्यावर वार केला नाही, कारण तो परमेश्वराचा अभिषिक्त होता, हे खरेच आहे. परंतु १ शमुवेलातील २४ वा अध्याय तिथे संपत नाही. दावीद गुहेतून बाहेर आला, त्याने शौलाला हाक मारली, भूमीपर्यंत लवून त्याला नमन केले, कापून घेतलेला झग्याचा काठ हातात धरून दाखवला आणि ३,००० निवडक माणसे घेऊन पाठलागावर निघालेल्या त्या राजाला उघडपणे विचारले की, मी आपले वाईट करू पाहतो असे म्हणणाऱ्यांचे आपण का ऐकता. त्याने शौलाच्या जिवाला हात लावला नाही आणि जाब विचारायचेही सोडले नाही. पुढे दावीद स्वतः अभिषिक्त राजा झाला, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याचे पाप त्याच्या पदरात घातले. आणि अंत्युखियात प्रभूचा प्रमुख शिष्य पेत्र याला आपण तोंडावर विरोध केला, हे पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःच नोंदवून ठेवले आहे. तुमच्या पास्टरांचा मान पेत्राहून मोठा आहे, असे त्यांनाही वाटत नसेल.

बिरुया येथील लोकांविषयी प्रेषितांच्या कृत्यांत (१७:११) जे लिहिले आहे ते तुम्ही ऐकलेले असेल, तरी त्यातील एक बारकावा सहसा निसटतो. त्या लोकांनी वचनाचा मोठ्या उत्सुकतेने स्वीकार केला आणि त्याच वेळी ते असेच आहे की काय याचा शास्त्रात दररोज शोध केला. उत्सुकता आणि शोध या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आल्या आहेत. बरे, ते पारखत होते ते प्रत्यक्ष पौलाचे बोलणे, आणि तेही घरोघरी शास्त्राची प्रत नसलेल्या काळात. आपल्या हाती नवा करार मराठीत १८११ सालापासून आहे, तो मिशनरी विल्यम केरी यांनी बंगालमधील श्रीरामपुरात छापला तेव्हापासून. तो उघडून पाहिल्याबद्दल कोणी तुम्हाला अविश्वासू म्हणत असेल, तर त्याने आधी प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकाने बिरुयाकरांना थोर मनाचे का म्हटले याचा खुलासा करावा.

याचा अर्थ मी तुम्हाला पवित्र आत्म्याच्या दानांकडे पाठ फिरवायला सांगते आहे, असे कृपया समजू नका. आत्म्याला विझवू नका, संदेशांचा धिक्कार करू नका, सर्व गोष्टींची पारख करा, हे थेस्सलनीकाकरांना पौलाने एका दमात सांगितले आहे. या दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात नांदू शकतात, हे पाहायला पुणेकर ख्रिस्ती माणसाला दूर जावे लागत नाही. दौंडच्या गाडीने केडगावला उतरले की पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. १९०५ साली तिथे जे आध्यात्मिक जागरण झाले, ज्यात मुली तासन्‌तास रडून प्रार्थना करीत राहिल्या, ते रमाबाईंनी थोपवले नाही. त्याच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात आयुष्याची अखेरची वर्षे घातली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या आणि भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्याही आधी, १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर, ज्या सिस्टर जेराल्डीन या ख्रिस्ती संन्यासिनीवर त्यांचे मनापासून प्रेम होते त्यांच्याशीच त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या, कारण केवळ मंडळी सांगते म्हणून एखादी शिकवण स्वीकारण्यास त्यांची सदसद्विवेकबुद्धी तयार नव्हती. त्यांच्या विश्वासावर कोणी बोट ठेवू शकेल काय?

आता पैशाविषयी. संगतीला इमारत हवी असणे यात गैर काही नाही. पण २ करिंथ ९:७ प्रमाणे दान मनात ठरवल्याप्रमाणे द्यायचे असते, कष्टी होऊन किंवा भाग पडते म्हणून नव्हे. आणि ‘ईस्टरपूर्वी दिले नाही तर आजारपण’ याला भाग पाडणे म्हणतात. दातांना चावायला मिळाले की ‘शांती’ पुकारणारे आणि तोंडात कोणी काही घातले नाही की त्याच्याविरुद्ध युद्ध उभारणारे संदेष्टे मीखा संदेष्ट्याने (३:५) पाहिले होते. मुलीच्या शिक्षणाची तरतूद ही घरच्यांची काळजी वाहण्याची तुमची जबाबदारी आहे, जिचा आग्रह १ तीमथ्य ५:८ इतक्या कठोर शब्दांत धरते. शिवाय ती ठेव तुम्हा दोघांची आहे. आणखी एक व्यवहाराची गोष्ट विचारून घ्या: ही इमारत कोणाच्या नावावर होणार आहे? संगतीचा न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे का, त्याचे लेखापरीक्षण होते का? प्रामाणिक सेवकाला या प्रश्नांनी अपमान वाटत नाही.

त्या शापासारख्या वाक्याबद्दल मला थोडे स्वतःचे सांगावे लागेल. मी तिशीत असताना माझा धाकटा भाऊ मूत्रपिंडाच्या विकाराने अंथरुणाला खिळला होता. एका प्रार्थना सभेत बाहेरगावाहून आलेल्या उपदेशकांनी आमच्या कुटुंबाला उभे केले आणि ‘नाताळपर्यंत हा पूर्ण बरा होईल, असे परमेश्वर म्हणतो’ असे जाहीर केले. आम्ही सर्वांनी आमेन म्हटले. मी सर्वांत मोठ्याने म्हटले. भाऊ नोव्हेंबरात गेला. त्यानंतर जवळजवळ २ वर्षे मला प्रार्थना करता येत नव्हती, उपासनेत मी नुसती बसून राहत असे. शेवटी आमच्या वृद्ध पाळकसाहेबांनी मला जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाचा १८ वा अध्याय वाचायला लावला, तेव्हा माझ्या ध्यानात आले की जे वचन मोडल्याबद्दल मी देवावर रुसले होते ते देवाने दिलेच नव्हते. त्या अध्यायाचे शेवटचे वाक्य तुमच्यासाठी लिहिते आहे: परमेश्वराच्या नावाने बोललेली गोष्ट घडून आली नाही, तर ती त्या संदेष्ट्याने उद्धटपणे आपल्या मनची सांगितलेली आहे, त्याला भिऊ नकोस. तेव्हा घरात कोणाला ताप आला तर डॉक्टरांकडे जा, प्रार्थना करा, आणि त्या तापाचा संबंध मुदत ठेवीशी जोडू नका.

घाईविषयीही बोलले पाहिजे. यिर्मयाच्या ४२ व्या अध्यायात घाबरलेले लोक संदेष्ट्याकडे येतात आणि आम्ही काय करावे हे परमेश्वराला विचार, अशी विनवणी करतात. खाल्डी, म्हणजे बाबेलच्या, सैन्याची भीती खरी होती आणि मिसरात पळून जायची त्यांची तयारीही झाली होती, तरी यिर्मयाने त्यांना तिथल्या तिथे उत्तर दिले नाही. परमेश्वराचे वचन त्याला १० दिवसांनी प्राप्त झाले. इतकी निकड असताना संदेष्टा १० दिवस थांबू शकला, तर तुमची ठेव तिची मुदत भरेपर्यंत बँकेत राहिल्याने देवाचे कोणते काम अडणार आहे, हे मला समजत नाही. सेवेसाठी नोकरी सोडण्याचा विचार तुमच्या मनात आधीपासून असेल, तर तो वेगळा आणि पवित्र विषय आहे. तो पतीबरोबर आणि तुम्हाला वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या तुमच्या मंडळीच्या पाळकांबरोबर व तिच्या वडीलजनांबरोबर प्रार्थनापूर्वक बोला.

संगती सोडावी का, याचे उत्तर मी आज देणार नाही. पास्टरांना पतीसह भेटा आणि नम्रपणे सांगा की, करिंथकरांना पौलाने दोघातिघांनी संदेश द्यावा व इतरांनी त्याची पारख करावी (१ करिंथ १४:२९) असे सांगितले आहे, त्यानुसार आपल्या संदेशाची पारख आम्हाला करायची आहे. त्यांनी शास्त्र उघडून तुमच्याशी बोलणे केले, स्वतःची चूक असू शकते हे मान्य केले, तर ऐका. त्यांनी आवाज चढवला किंवा पुन्हा आजाराची भीती घातली, तर तिथून उठा आणि परत जाऊ नका.

नणंदेशी मात्र वाद घालू नका. तुमच्या शोकाच्या काळात तिनेच तुम्हाला प्रार्थनेला नेले, आणि तिच्या मनातही आज तुमच्याइतकीच भीती असण्याचा संभव आहे. या शनिवारी तिला जेवायला बोलवा. जेवण झाल्यावर १०५ वे स्तोत्र पहिल्या वचनापासून तिलाच मोठ्याने वाचायला सांगा आणि १५ वे वचन आले तरी मध्येच थांबवू नका.

तुमची,
प्रभूमधील भगिनी