आर्ट स्कूलला न जाता चित्रकलेत मार्गदर्शक कसा मिळवायचा? आणि मित्रांनी काढलेले दोष किती मनावर घ्यायचे?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात बँकेत नोकरी करता, इंटरमिजिएटच्या पुढं चित्रकलेचं शिक्षण नाही, जलरंगात बरंच काम झालंय, पण इन्स्टाग्रामवर 'अप्रतिम' आणि 'वाह' यापलीकडं कोणी काही बोलत नाही. म्हणून गुरू हवाय. आणि ओळखीतल्या दोघातिघांनी दोष काढले तेव्हा चार दिवस ब्रश हातात धरवला नाही.

मी कोल्हापुरात शाळेत चित्रकला शिकवते. रविवारी आमचा एक गट रंकाळ्यावर नाहीतर पंचगंगेच्या घाटावर आउटडोअरला, म्हणजे समोरचं बघून चित्र काढायला बसतो. त्यातून जे कळलं ते सांगते.

गुरू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गाण्यातलं नातं येतं, वर्षानुवर्षं समोर बसून घेतलेली तालीम. चित्रकलेत एवढं लागतंच असं नाही. चित्रकार सय्यद हैदर रझा मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेले, मुंबईत जलरंगातल्या निसर्गचित्रांसाठी नावाजलेले. 1948 साली काश्मीरमध्ये त्यांची आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराशी गाठ पडली. त्यानं चित्रं बघितली आणि सांगितलं की चित्रं चांगली आहेत पण त्यांत बांधणी नाही, सेझान या फ्रेंच चित्रकाराचं काम अभ्यासा. रझांनी ते इतकं मनावर घेतलं की फ्रेंच शिकून, शिष्यवृत्ती मिळवून 1950 मध्ये पॅरिस गाठलं. सांगणारा चित्रकार म्हणून नव्हे, छायाचित्रकार म्हणून ओळखला जाणारा. वर्ग नाही, फी नाही. पण काय कमी आहे आणि ते भरून काढायला कुणाचं काम बघायचं, हे दोन्ही त्या बोलण्यात होतं. तुम्हाला मोठ्या माणसाकडून एवढंच हवंय, आणि एवढं मागितलं तर बहुतेक जण देतात. 'सर, मला शिष्य करून घ्या' म्हटलं की माणूस बिचकतो. 'सर, ही पाच चित्रं, यांत खोली का येत नाही ते सांगाल का?' म्हटलं की चष्मा पुसायला घेतो.

असे सर भेटतात कुठं? मुंबईच्या जहांगीर कलादालनात प्रदर्शन मंगळवारी सुरू होतं आणि सोमवारी संपतं. मंगळवारी जाऊ नका, त्या दिवशी उद्घाटन, हार-तुरे, नातेवाईक. बुधवार-गुरुवारच्या दुपारी चित्रकार आपल्याच चित्रांसमोर खुर्ची टाकून कंटाळलेला असतो. आधी त्याची चित्रं नीट बघा, मग आपली बाहेर काढा. मोबाइलवर नको, कागद न्या, आणि त्यात फसलेली दोन तरी असू द्या. मुंबई लांब वाटली तर पुण्याचं बालगंधर्व कलादालन किंवा आमच्याकडचं शाहू स्मारक भवन आहेच.

वर्कशॉपबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. तंत्र शिकायला जरूर जा. पण सरांच्या प्रात्यक्षिकाची नक्कल करून परतलेल्या तीस जणांच्या तीस कागदांवर तोच ओला रस्ता, तीच प्रतिबिंबं, तोच छत्रीवाला दिसतो, तेव्हा शिकवणाऱ्यापेक्षा शिकणाऱ्याची काळजी वाटते. चांगल्या शिक्षकाची खूण उलटी असते. इंदूरचे कलाशिक्षक देवळालीकर यांच्या हाताखाली चित्रकार ना. श्री. बेंद्रेही शिकले आणि एम. एफ. हुसेनही. पुढं बडोद्यात बेंद्र्यांच्या हाताखालून ज्योती भट्ट, गुलाम शेख, शांती दवे हे चित्रकार बाहेर पडले. एकाचं काम दुसऱ्यासारखं नाही.

आता मित्रांचं. माझ्या मते तुमची खरी गरज ही आहे, गुरू नंतर. 1947 साली मुंबईत जमलेल्या प्रोग्रेसिव्ह ग्रुप या कलावंतांच्या गटात सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे असे सहा जण होते. आरा तर घरकाम करत, मोटारी धूत चित्रकलेत आलेले. व्हिएन्नाहून मुंबईत आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांच्या घरी ही मंडळी जमत, युरोपातल्या चित्रांच्या छापील प्रती बघत, आपली कामं दाखवत. सूझा 1949 ला लंडनला गेले, पुढच्या वर्षी रझा पॅरिसला, आणि ग्रुप पांगला. दोन-तीन वर्षांत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तेव्हा गट कायम टिकला पाहिजे असा हट्ट नको.

आमच्या गटात काम संपलं की सगळी चित्रं घाटाच्या पायरीवर ओळीनं लावतो. ज्याचं चित्र, त्यानं आधी गप्प बसायचं. बाकीच्यांनी आवडलं-नावडलं बाजूला ठेवून नजर पहिल्यांदा कुठं गेली ते सांगायचं. एकदा एकानं घाटावरचं देऊळ रंगवलं होतं. एरवी सगळे कळस कलला म्हणून तुटून पडले असते. पण प्रश्न नजरेचा होता, आणि प्रत्येकाचं बोट कोपऱ्यात वाळत घातलेल्या लाल साडीकडं गेलं. चित्रकाराला पत्ताच नव्हता! मग एल आकाराचे दोन पुठ्ठे जोडून त्यांची चौकट चित्रावर सरकवून बघितली. डावीकडचा तुकडा तेवढा ठेवला, तर साडी, पायऱ्या आणि देवळाचा अर्धाच भाग उरला, आणि त्यात चित्र होतं. मग मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला. देवळाचा भगवा आणि मागच्या झाडाचा हिरवा, दोन्ही एकाच करड्या रंगाचे दिसले. टोनच, म्हणजे रंगांचा उजळ-गडदपणाच, वेगळे नव्हते, तर देऊळ पुढं येणार कसं? कळसाचा विषय तिथंच मिटला.

जलरंगात आणखी एक अडचण आहे. तेलरंगासारखं वरून झाकता येत नाही, पांढरं म्हणजे कागदच, तो एकदा गेला की गेला. पुरं झालेलं चित्र दाखवून दोष विचारणं म्हणजे शवविच्छेदन. त्यामुळं छोटी पेन्सिल स्केचं, दोन-तीन टोनमधला कच्चा आराखडा घेऊन जा आणि रंगवायचा कागद ओला करून बोर्डावर ताणायच्या आधीच विचारा.

मनावर किती घ्यायचं? दोघांनी एकमेकांशी न बोलता एकाच जागेवर बोट ठेवलं, तर तिथं काहीतरी बिघडलंय हे धरून चाला. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र त्यांच्या चित्राचा असतो, तुमच्या नाही. तो ऐकून सोडून दिला तरी चालतं. कोणी तुमचा ब्रश घेऊन 'असं कर' म्हणत चित्रावर हात चालवू लागला तर सरळ थांबवा. वर ट्रेसिंग पेपर ठेवून दाखव म्हणा. ब्रश धरवला नाही असं लिहिलंयत, ते काय बोलले यामुळं की कसं बोलले यामुळं, हे तेवढं एकदा तपासा. 'तुला जमत नाही' हे बोलणं चित्राबद्दल नसतंच.

गटाला चार-पाच जण पुष्कळ, त्यात एखादा फोटोग्राफर किंवा मातीकाम करणारी असेल तर उत्तम. साताऱ्यात माणसं कुठून आणू म्हणाल, तर एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवणाऱ्या प्रत्येक हायस्कुलात चित्रकलेचे सर किंवा बाई असतात. त्यातल्या कित्येकांनी स्वतःसाठी चित्र बरीच वर्षं काढलेलं नसतं, आणि कोणी विचारायचीच वाट बघत असतात. दोघांना फोन करा, रविवारी संगम माहुलीला बसा. उन्हं चढायच्या आत पोचा, नंतर देवळांवरच्या सावल्या आखूड होतात.