तुझं संपादन उलटवलं गेलं तर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मराठी विकिपीडियावर तू घातलेला परिच्छेद कुणीतरी उलटवला, म्हणजे काढून पान आधीसारखं केलं, आणि तू तो लगेच परत घातलास, असं कळलं. आता तिसऱ्यांदा घालू नकोस. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर खातं रोखलं जाऊ शकतं, आणि तीनदा उलटवायची मुभा आहे असा त्याचा अर्थ तिथेही कुणी घेत नाही.

आधी लेखाचा 'इतिहास' उघड. दोन आवृत्त्यांतला फरक बघ, समोरच्याने सारांशात, म्हणजे बदलाचं कारण लिहायच्या चौकटीत, काय लिहिलंय ते वाच. बहुतेकदा कारण साधंच निघतं: संदर्भ नाही, मजकूर पुस्तकातून जसाच्या तसा उचललाय, नाहीतर 'थोर', 'अजरामर', 'दैदीप्यमान' अशी विशेषणं. आपल्या गावाबद्दल आणि संतांबद्दल लिहिताना हात आवरत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी आवरायचा.

मग लेखाच्या चर्चा पानावर नवा विभाग काढ. मथळ्यात माणसाचं नाव नको, मुद्दा हवा. 'अमुक सदस्याची मनमानी' असं लिहिलंस तर भांडण सुरू. 'जन्मवर्षाचा संदर्भ' लिहिलंस तर समोरचा पुस्तक उघडतो. खाली वादातलं वाक्य, ग्रंथाचं नाव, आवृत्ती, पान क्रमांक दे आणि शेवटी चार टिल्ड (~~~~) टाक. सही आणि वेळ आपोआप येते. उत्तराला उत्तर देताना ओळीच्या सुरुवातीला एक कोलन वाढव, म्हणजे कोण कुणाशी बोलतंय ते कळतं. वयाने लहान असो की मोठा, सगळ्यांना 'तुम्ही' म्हण. दुसऱ्याचं लिहिलेलं पुसू नकोस. स्वतःचं मागे घ्यायचं असेल तर त्यावर रेघ मार, म्हणजे आधी दिलेली उत्तरं अधांतरी राहत नाहीत.

सारांशाच्या चौकटीत मात्र रागाच्या भरात एक शब्दही नको. पान प्रकाशित केल्यावर सारांश तुला बदलता येत नाही. तो इतिहासात तुझ्या नावापुढे तसाच राहतो.

आठवडाभर वाट बघ. मराठीत नियमित लिहिणारे मोजकेच आहेत, तेही नोकरीधंदा सांभाळून. उत्तर आलं नाही तर त्या सदस्याच्या चर्चा पानावर एक ओळ टाक, नंतर चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, मांड. प्रचालक, म्हणजे जादा अधिकार असलेले सदस्य, पान सुरक्षित करू शकतात, खातं रोखू शकतात. पण कुणाचं जन्मवर्ष बरोबर, हा निवाडा त्यांच्याकडे मागू नकोस. तो संदर्भांवरूनच व्हायला हवा. आणि दुसरं खातं काढून स्वतःच्याच बाजूने कधीही बोलू नकोस. ते उघडकीला आलं की तुझ्या खऱ्या संदर्भांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

कळावे, लोभ असावा.